पान एकशे सत्त्याऐंशी

भुसावळला मे महिन्यात
सिनेमा कुठला का असेना, माणसं एसीसाठी जातात.
बाहेर सेहेचाळीस. आत पायांना गारठा.
पुढच्या रांगेत एका बाईने
पोराला सोलापुरी चादरीत गुंडाळून आणलेलं. सराईत असावी.

लीलाधरने तिकिटं आठवडाभर आधी काढली होती.
बायपास झालेला माणूस, जिनेही जपून चढ म्हटलेला,
आणि हा भुताचा सिनेमा बघायला
सावद्याहून गाडी चालवत आला, मला शेजारी बसवून.
'अडतीस वर्षं थांबलोय, आक्का,' म्हणाला,
जसं काही त्याचं लग्नच अडलं होतं.

त्या कादंबरीची आमच्या वाचनालयात एकच प्रत.
भंगाळे गुरुजी ती कपाटात मागे ठेवत,
पोरांच्या हाती लागू नये म्हणून,
आणि म्हणूनच ती सगळ्या पोरांच्या हाती लागलेली.
समुद्राकाठचा बंगला. वर एक बंद खोली.
रोज रात्री तिथून खुर्ची सरकल्याचा आवाज.
समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता.
आम्ही तिथे केळीचा बाग लावला:
वारा सुटला की रात्री पानं फाटत जातात, तो आवाज.
बंगला म्हणजे बंद पडलेली जिनिंग.
भरती म्हणजे हतनूरचे दरवाजे उघडल्यावरची तापी.

मी बाराची, लीलू नऊचा.
लाइट गेली की कंदिलापाशी मी वाचायची,
तो माझ्या पाठीला पाठ लावून ऐकायचा,
म्हणजे मागून काही येणार नाही.
एका दुपारी मी पुढचं चोरून आधीच वाचलं.
मालकीण जिना चढते, कडीला हात घालते,
आणि मग एकशे सत्त्याऐंशी.

मी ते पान फाडलं. शिवणीपासून, अगदी नीट.
घडी करून ज्वारीच्या कणगीत खोल सारलं.
लीलूला म्हटलं, पान नाहीच रे, आधीच कुणी तरी नेलंय.
तो रडला. मग गावभर विचारत फिरला.
कुणी त्याला प्रेत सांगितलं, कुणी उलट्या पायांची बाई,
टेलरच्या किसनने तर बोलणारं कुत्रं सांगितलं.
कणगीतलं पान पुढे उंदरांनी नेलं,
असं मी धरून चालते.

पडद्यावर ती जिना चढली.
समुद्र खरा होता, निळा, महागडा. त्याची भीती वाटली नाही.
कडीला हात लागला, आणि मध्यंतर.
लीलू पॉपकॉर्न आणायला उठला नाही.
दिवे लागलेले असताना माझं मनगट धरून बसला,
सत्तेचाळीस वर्षांचा, सोसायटीचा चेअरमन.

मग दार उघडलं.
दात होते. केस होते. छताला चिकटून चालणारं काही तरी,
कॉम्प्युटरवर केलेलं, पैसा बराच लागला असणार.
चादरीतलं पोर खदखदून हसलं.
लीलू माझ्याकडे वळला.
'हेच व्हतं का वं त्या पानावर?'

नव्हतं.
पानावर होतं की खोलीत कोणीही नव्हतं.
खुर्ची होती. तिच्यावर वर्षांची धूळ होती.
पायांखाली फरशीवर एकही ओरखडा नव्हता.
बास. प्रकरण तिथेच संपलं, मागची बाजू कोरी.
भूत असतं तर मी वाचून दाखवलं असतं.

'व्हय,' मी म्हटलं, 'अगदी हेच.'
त्याने केवढा श्वास सोडला.
मग उठून पॉपकॉर्न आणायला गेला,
सिनेमा चालू असताना, लोकांचे पाय तुडवत.

परतताना तापीचा पूल ओलांडला की
दोन्ही अंगांनी केळी. काचा वर, तरी ऐकू येणारी.
तो शीळ घालत गाडी चालवत होता.
मागच्या सीटवर आमचा डबा आणि पाण्याची बाटली.
मी एकदाच वळून पाहिलं.

डबा होता.
बाटली होती.